मधली चित्रं

महाप्याच्या स्टुडिओत मला मिळालेलं पहिलं काम:
एका कोल्ह्याची पापणी.

कोल्हा माझा नव्हता. तो बाहेरून आलेला,
मुख्य चित्रं काढून झालेली.
एकात डोळे उघडे, एकात मिटलेले.
मधलं काय ते मी भरायचं.
मिटायला तीन चित्रं, उघडायला चार,
कारण झोप पटकन येते, कुरियनसर म्हणाले,
जाग यायला वेळ लागतो.

रात्री दादांना सांगितलं.
दादा तुर्भ्याच्या बाजारात कांद्याच्या गोणी वाहतात.
त्यांनी एवढंच विचारलं,
पगार महिन्यावर का नगावर?
नगावर, म्हटलं.
मग त्यांना धीर आला.
म्हंजे आपल्यासारखंच की,
फक्त पाठीला बरं.

(पाठीलाही बरं नव्हतं. पण ते नंतर.)

सातला सुटायचे.
कोपरखैरण्याच्या शाळेत, आठवी ब च्या वर्गात तालीम,
बाकं भिंतीला लावून.
नाटकात मला भूमिका नव्हती.
माझ्याकडे अंधार होता:
दोन प्रवेशांमधले नऊ सेकंद.
त्यात खुर्ची काढायची, चूल ठेवायची,
जमिनीवरच्या रेडियमच्या पट्टीवर पाय न देता
विंगेत यायचं, आणि धापसुद्धा टाकायची नाही.
खुर्ची पडली तरच लोकांना कळणार
की मी होते.

विंगेतून इंदुताई केणींना बघत राहायचे.
दिवसा पतपेढीत कॅशियर, रात्री म्हातारी.
कुणी हाक मारली की त्या लगेच वळत नसत.
आधी हनुवटी ऐकायची,
मग खांदा निघायचा,
डोळे सगळ्यात शेवटी, नाइलाज झाल्यासारखे.
बसच्या तिकिटामागे मी ते काढून ठेवायचे,
नखाएवढ्या सात इंदुताई.
तिकिटाची शाई उडून जाते, पेन्सिल राहते.

स्पर्धेसाठी म्हटलं, शेवटी बगळा उडवू.
पडद्यावर, म्हातारीच्या डोक्यावरून.
तीनशे बारा चित्रं. चार महिन्यांच्या रात्री.
प्रोजेक्टर सेक्टर पंधराच्या क्लासवाल्यांचा,
त्यांच्या मुलीला पास देऊन आणलेला.

वाशीला प्राथमिक फेरी. सकाळी साडेनऊची वेळ,
प्रेक्षक त्रेचाळीस, त्यात आमच्या घरचे अकरा.
बगळा उठला. पाण्यावरून उठला, खरंच उठला,
आणि एक पंख वर असताना अडकला.
त्याच्या चोचीशेजारी एक चौकोन उघडला:
आता अपडेट करू, की नंतर?

कुणीतरी हसलं. मग बरेच जण.

इंदुताईंनी वर बघितलं,
हनुवटी, खांदा, डोळे,
जणू त्याने तिथेच थांबायचं ठरलं होतं.
नंतर, त्या म्हणाल्या. संहितेत नव्हतं.
नंतर रे बाबा. घाई कुणाला आहे?

मी भिंगासमोर तळवा धरला.
पडद्यावर भलामोठा काळा हात आला,
अंगठ्याला सुटत आलेली पट्टी.
बोटं हलवली. बगळा काही झाला नाही.
हातच झाला.
इंदुताई त्याच्याखाली जाऊन बसल्या
आणि पडदा पडेपर्यंत उठल्या नाहीत.

नंबर आला नाही.
परीक्षकांच्या कागदावर होतं:
तांत्रिक बाजूकडे लक्ष द्यावे.

सोमवारी पुन्हा कोल्हा.
मी मध्ये दोन चित्रं घातली.
डोळे मिटलेलेच,
फक्त हनुवटी जराशी वर.
कुरियनसरांनी चालवून बघितलं. पुन्हा बघितलं.
दोन जास्त आहेत, म्हणाले. याचे पैसे मिळणार नाहीत.
माहीत आहे, म्हटलं.
काढून टाका असं ते म्हणाले नाहीत.
चहाला गेले.

रात्री दादा: आज किती?
नऊ. त्यातली दोन फुकट.
भाकरी मोडता मोडता ते थांबले.
मला वाटलं, आता हिशोब समजावतील.
कधीतरी एखादी गोणी आपणबी तशी ठेवतो, म्हणाले,
टाकत नाही, ठेवतो.
कांद्याला काय कळतंय.